पाड्यावरचा नारळ

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला जे पाडे आहेत, तिथे माझं खरं नाव घेऊन चौकशी केलीत तर कोणी ओळख देणार नाही. 'योजनाबाई' म्हणा, लगेच चहा मिळेल. हे नाव मी लावून घेतलेलं नाही. एका आजीबाईंना 'कृषी सहाय्यक' म्हणता येईना, तेव्हा त्यांनी आपल्या सोयीनं माझं बारसं केलं आणि पुढे सगळ्या पट्ट्यात तेच चाललं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनीसुद्धा हारावर चिठ्ठी लावली होती, 'योजनाबाईंना शुभेच्छा'. मी रागावल्यासारखं केलं आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा म्हटल्यावर पहिला प्रश्न हा पडला की, मी करत काय होते हे लोकांना सांगू कसं? नशिराबादला माझ्या आईला कायम वाटायचं की मी बी-बियाणं वाटते. बहिणीला वाटायचं मी पंख्याखाली बसते. खरं सांगायचं तर मी स्थळं जुळवायची. सरकारकडे योजनांना तोटा नाही. शेततळ्याला योजना आहे, ठिबकला आहे, बांधाला आहे, बांधावरच्या झाडाला आहे. इकडे गरजू शेतकऱ्यांनाही तोटा नाही. पण योजना जन्माला येते मुंबईत आणि शेतकरी असतो डोंगराच्या कुशीत. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. मग मधे माझ्यासारखी एक बाई लागते. जमीन किती, उतार कसा, पाणी कुठे, उतारा कोणाच्या नावावर, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे का, अशी सगळी पत्रिका बघायची आणि म्हणायचं, हं, हे जमेल. कधी कधी छत्तीस गुण जुळायचे आणि ऐन वेळी शेतकऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटायचा नाही. शेतात राबून राबून अंगठ्यावरच्या रेषाच पुसलेल्या असायच्या.

या धंद्यात गिऱ्हाईकंही नमुनेदार भेटतात. नरडाण्याकडे नोकरीला असताना एक भाऊ होते. सोडतीत काही ना काही लागेलच म्हणून त्यांनी दिसेल त्या गोष्टीला अर्ज केला. लागली कडबाकुट्टी, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र. भाऊंच्या गोठ्यात एक शेपूट नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, सोडून द्या, दुसऱ्या कोणाला तरी मिळेल." पण लागलेली सोडत सोडायची म्हणजे दारी आलेल्या लक्ष्मीला हाकलायचं. भाऊंनी यंत्रासाठी गाय घेतली. गाय एकटी हंबरते म्हणून दुसरी घेतली. आता ते डेअरीला दूध घालतात आणि मी दिसले की चारचौघांत सांगतात, "या बाईना यंत्रनी माले दूधवाला करी टाकं." यात माझा काही हात नाही, पण श्रेय मिळत असेल तर मी नाही म्हणत नाही.

आता आमच्या कामाचा एक नियम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. आधी मंजुरी, मग काम. जमिनीला कुदळ लागण्याआधी रिकाम्या जागेचा फोटो काढायचा, मोबाइलमुळे जागेचा ठावठिकाणा त्या फोटोवर उमटतो, मग कागद वर जातात, कामाचा आदेश खाली येतो, आणि त्यानंतरच खोदायचं. आदेशाआधी झालेलं काम सरकारच्या लेखी झालेलंच नाही. हा नियम काही खुळा नाही. जुन्याच विहिरी नव्या म्हणून दाखवणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. फक्त एवढंच की, नियम करणाऱ्यांनी खुमाननानांना पाहिलेलं नव्हतं.

खुमाननाना उंबरपाणी पाड्यावरचे. वय झालेलं, अंगानं काटक, बोलणं कमी आणि हसणं जास्त. डोंगराच्या उतारावर त्यांची वनपट्ट्याची जमीन, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कसत आलेली आणि आता हक्काचा कागद मिळालेली. दर पावसाळ्यात तिच्यावरची थोडी माती नाल्यात जायची आणि खालचा मुरूम वर यायचा. पेरलेलं निम्मं उगवायचं नाही. त्यामुळे दिवाळी झाली की नानांचा मुलगा सुभाष आणि सून शेवंती पोरीला घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जायचे. नानाही बरोबर, कारण मागे एकट्यानं राहून करायचं काय? घराला एक मोठं पितळी कुलूप लागायचं ते थेट होळीनंतर निघायचं.

मला या घराकडे ओढून आणलं ते शेवंतीनं. बाजाराच्या दिवशी ती माझ्या स्कूटीपुढे येऊन उभीच राहिली. पोरगी तिसरीत होती, आणि दर वर्षी अर्ध्यात शाळा सुटल्यामुळे वाचायचं विसरून परत यायची. शेवंती म्हणाली, "बाई, औंदा मी गुजरात जावाव नही. काहीतरी देखा." तिनं विनंती केली नव्हती, निर्णय सांगितला होता. तो खरा करायचं काम तेवढं माझ्यावर टाकलं होतं.

मी जमीन पाहिली आणि पत्रिका मांडली. उतारावर समतल चर खोदायचे, म्हणजे वाहणारं पाणी थांबेल आणि माती राहील. मग चरांच्या मधे आंबा आणि सीताफळ. दोन्ही कामं रोजगार हमीतून होण्यासारखी होती. या योजनेची गंमत अशी की, स्वतःच्या शेतात स्वतःच खड्डे खोदा, झाडं लावा, हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी घाला, राखण करा, त्या सगळ्याची मजुरी मिळते. म्हणजे ऐन ऊसतोडीच्या दिवसांत घरच्या घरी काम. इतकं चांगलं स्थळ माझ्या नोकरीत क्वचित जुळलं होतं. मी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळी झाले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधी चरांची आखणी करायला गेले. काम सोपं असतं. लाकडाची दोन पायांची एक तिकाटणी असते, मधे ओळंबा लोंबतो. तो मधोमध आला की दोन्ही पाय एका पातळीवर. असं पुढे पुढे सरकत जायचं आणि मागून पांढऱ्या फक्कीची रेघ मारत जायची. संध्याकाळपर्यंत सगळ्या उतारावर रेघा उमटल्या. नाना घरातून नारळ घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नाना, आमच्या घरात नारळ फोडायची रीत नाही, तुम्हीच फोडा. मी उभी राहते." नानांनी तो दगडावर फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. मी तो खाल्ला, "मंजुरी आली की सांगते" म्हणाले आणि भीमजयंतीसाठी नशिराबादला घरी निघून गेले.

ऑफिसात मी असंख्य नारळ फुटताना पाहिलेत. सरकारी नारळाचा अर्थ ठरलेला आहे. तो फुटला की वाट पाहायला सुरुवात करायची. फोटो निघतो, पेढे वाटले जातात, आणि मग त्या जागेवर दोन-चार पावसाळे निवांत पडतात. पाड्यावरच्या नारळाचा अर्थ वेगळा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपवून मी परत गेले. चढ चढून वर आले आणि स्कूटी बंद करायचीही विसरले. माझ्या सगळ्या रेघा नाहीशा झाल्या होत्या. जिथे रेघ होती तिथे चर होता. वरपासून खालपर्यंत, एकही न सोडता, बाजूला मातीचा भर नीट थोपटलेला. आमच्याकडे ज्याला सावड म्हणतात, त्याला तिथे लाहा म्हणतात. एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, उद्या दुसऱ्याचं शेत. नारळ फुटल्यावर नानांनी लाह्याची हाक दिली होती. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके सोडून कुदळी घेऊन आल्या होत्या, जावईही सुटले नव्हते. एका बाजूला तीन दगडांची चूल अजून धुमसत होती आणि मोठ्या पातेल्यात उडदाची डाळ शिल्लक होती.

माझा पारा चढला. मी म्हटलं, "नाना, हे काय करून बसलात? मंजुरी यायची होती ना?"

नाना खरंच गोंधळले. "बाई, नारय तुम्हना समोर फुटना ना? नारय फुटना म्हणजे काम सुरू. बठ्ठा पाडा उना व्हता." सगळा पाडा आला होता, मग चुकलं कुठे, हे त्यांना कळेना.

"आता याचा एक रुपया मिळणार नाही. कोणाला मजुरी नाही. मी वर काय सांगू?"

नानांनी भाकरीवर डाळ वाढली आणि ताट माझ्या हातात दिलं. "आते जेवा. मंग वरडा."

आधी जेवले. जेवल्यावर ओरडायला जोर राहिला नाही, ही त्या डाळीची करणी. पण काळजी काही गेली नव्हती. चरांची मजुरी गेली तर गेली, मला भीती बागेची होती. त्याच जमिनीवर विनापरवाना काम झालंय म्हणून वरचे लोक बागेचे कागदही बाजूला ठेवतील, आणि तसं झालं तर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येणार, पितळी कुलूप लागणार. शेवंती चुलीपाशी उभी होती. तिला सगळं समजलं होतं; तिनं माझं रिकामं ताट उचललं आणि घासायला घेतलं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता तोडगा काढला. "एवढं काय त्यात? चर बुजवा, रिकाम्या जागेचा फोटो काढा, मंजुरी आली की परत खोदा." हा माणूस गंभीरपणे बोलत होता. मी नानांना जाऊन हे सांगितलं, निव्वळ हसायला म्हणून. नाना हसले नाहीत. म्हणाले, "जलमेल पोरले परत पोटमा घालता येस का?"

मग मी साहेबांकडे गेले. आमचे तालुक्याचे साहेब नियमाचे पक्के होते. हाताखालच्यांना ते कडू औषधासारखे वाटायचे, मलाही वाटायचे. मी काही लपवलं नाही. नारळापासून डाळीपर्यंत सगळं सांगितलं. साहेब चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "आदेशाआधीचं काम. यात माझ्या हातात काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही सर. पण एकदा बघायला चला. नाही म्हणायचं तर तिथे उभं राहून म्हणा." हे मी रागात बोलले. त्यांनी जीप काढायला सांगितली.

साहेब नोकरीच्या सुरुवातीला मृदसंधारणात होते, माती अडवण्याच्या कामावर. हे मला त्या दिवशी कळलं. ते एकेका चराच्या कडेनं चालत गेले, कधी वाकून भर दाबून बघत. पाड्यावरचे लोक मागून, अंतर ठेवून. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "पाणी आणा."

समतल चराची परीक्षा एकच. पाणी ओतायचं. पाणी धावायला लागलं तर चर नापास, कारण धावणारं पाणी माती घेऊन जातं. पाणी उभं राहिलं तर पास. शेवंतीनं हंडा आणला, तिच्यामागून बायकांची रांगच लागली. एका टोकाला हंड्यामागून हंडे ओतले. पाणी पसरलं, दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. त्यात डोंगराची सावली पडली होती. साहेबांनी पाण्यावरची नजर न काढता नानांना विचारलं, "आजोबा, आखणी बाईंची, खोदाई तुमची. मजुरी मात्र देता येणार नाही. चालेल?"

नाना म्हणाले, "साहेब, दाय-भाकर खादी बठ्ठासनी. कोनी भुका गया नही."

साहेब हसले. मी त्यांना हसताना प्रथम पाहिलं. मग माझ्याकडे वळून ते आपल्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "चरांचा प्रस्ताव मागे घ्या. शेतकऱ्यानं स्वखर्चानं काम केलं, तो त्याच्या जमिनीचा मालक आहे, त्यात गैर काही नाही. बागेचा प्रस्ताव वेगळा पाठवा. उतारावर बाग द्यायची तर आधी माती अडवलेली हवी म्हणून आपणच लोकांना परत पाठवतो. इथे ती अडवलेली आहे. माझी सही मिळेल." जाताना त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी घ्यायचा मोह त्यांना झाला होता हे मी शपथेवर सांगेन.

प्रस्ताव गेला. आता खरा प्रश्न आदेश वेळेत येण्याचा होता, कारण जूनमध्ये खड्डे तयार नसले तर रोपं लावायची कधी? नानांनी दुसरा नारळ आणून ठेवला होता. मला त्याचा भरवसा वाटेना. मी तो मागून घेतला आणि स्कूटीच्या डिकीत कुलूपबंद केला. दर बाजाराला नाना भेटायचे, डिकीकडे बोट करायचे आणि विचारायचे, "फोडू का?" मी म्हणायचे, "थांबा." नशिराबादला गेले तर आईनं डिकीतला नारळ पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पोरी, नोकरीत बाटलीस की काय?" मी म्हटलं, "आई, हा नारळ नाही, हा सरकारी आदेश आहे, अजून निघायचाय."

तो निघाला, आणि ज्या दुपारी निघाला त्या दुपारी मी चढावर स्कूटी अशी हाणली की डिकीत नारळ खडखड वाजत होता. नाना आवाजावरूनच समजले. फोडण्याआधी मी त्यांना कामाआधीचा जमिनीचा शेवटचा फोटो काढू द्या म्हणून थोपवलं. संपूर्ण पाडा श्वास रोखून माझ्या मोबाइलकडे बघत होता. फोटो चढला, मी मान हलवली, नारळ फुटला, आणि कुदळी तर तयारच होत्या.

पावसाळ्यात चर भरले, सांडले नाहीत. रोपं लागली. भाद्रपदात आंब्याला नवी तांबूस पानं आली. ती बघायला मी कामाशिवाय दोनदा जाऊन आले, ऑफिसात सांगितलं पाहणी. दिवाळी जवळ आली तसा सुभाष मात्र अस्वस्थ झाला. मजुरीचे पैसे खात्यात यायला उशीर झाला होता, आणि मुकादम तर हातावर उचल ठेवतो. सुभाष मला म्हणाला, "बाई, आंबा खावाले पाच वरीस. तवलोंग काय खावानं?" त्याचं चुकत नव्हतं. माझ्याकडे त्याला द्यायला योजना होती, रोख काही नव्हतं. बँकेत, पंचायत समितीत, जिथे जिथे कागद अडतो तिथे तिथे मी जाऊन बसले. पण दिवाळीची सुट्टी लागली आणि सगळीकडे शटर खाली आलं.

सगळीच स्थळं काही जुळत नाहीत. शेजारच्या पाड्यावर किती तरी घरं अशी होती, ज्यांच्यासाठी मला काही सापडलं नाही. कोणाच्या जमिनीचा कागद नव्हता, कोणाकडे जमीनच नव्हती. दिवाळीनंतर त्या रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंना नुसती कुलपं दिसतात. आज निवृत्त झाल्यावरही मला ती आठवतात, आणि आपण अजून थोडं शोधायला हवं होतं असं वाटतं.

सुट्टी संपली त्याच दिवशी मी उंबरपाण्याला निघाले. खाली नाक्यावर कळलं की मुकादमाची गाडी आदल्या दिवशी भरून गेली. चढावर माझा हात ॲक्सिलरेटरवर पडेना. वळणावरून नानांचं घर दिसतं. मी आधी दाराकडे पाहिलं, कुलूप बघायला.

दार उघडं होतं. ओट्यावर पोरगी पुस्तक पसरून बसली होती आणि बोट फिरवत, ठेचकाळत मोठ्यानं वाचत होती. नाना शेजारी बसून ऐकत होते. सुभाष नाल्याकडून पाण्याची कावड घेऊन वर येत होता. मजुरी अजून अडकलेलीच होती, तरी त्यानं मुकादमाची उचल घेतली नव्हती. माझी नजर बागेकडे गेली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण झालं होतं, त्याला लाकडी फाटक होतं, आणि फाटकाला ते पितळी कुलूप लटकत होतं. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून.

मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले आणि कुलूप हातात धरलं. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. घरातून शेवंती पदराला हात पुशीत, कनवटीची चावी सोडवत आली.

"थांबा बाई," ती म्हणाली, "चावी मनाजोडे शे."